नेम साधला, काडतूस कुठे आहे?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळे याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांची कमाई करून कांस्यपदक मिळविले, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राने आनंद साजरा केला. तो सर्वथा उचितच होता. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकल्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले होते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी नावाच्या लहानशा गावातला हा मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि जगातील पहिल्या तीन नेमबाजांच्या पंक्तीत जाऊन बसला. सत्कार झाले, मिरवणुका निघाल्या, पारितोषिके जाहीर झाली. या सगळ्या जल्लोषात एक तपशील मात्र वृत्तपत्रांच्या आतल्या पानांत राहून गेला. सरावासाठी लागणाऱ्या काडतुसांकरिता त्याच्या शिक्षक वडिलांना कर्ज काढावे लागले होते.

पदकापेक्षा हा तपशील अधिक विचार करण्याजोगा आहे. कुस्तीगीराला खुराक लागतो, धावपटूला बूट लागतात. पण सरावासाठी उचललेल्या प्रत्येक पावलाबरोबर पैसा कायमचा खर्च होतो, असे फार थोड्या खेळांत घडते. नेमबाजी हा तसा खेळ आहे. क्रिकेटचा चेंडू पुन्हा गोलंदाजाच्या हाती येतो. झाडलेली गोळी परत येत नाही. म्हणूनच काडतूस महाग झाले किंवा बाजारातून नाहीसे झाले, की या खेळाचा श्वासच कोंडतो. गेल्या काही वर्षांत असे प्रसंग वारंवार आले आहेत आणि त्यांचा फटका सर्वांत आधी बसतो तो नामवंत खेळाडूला नव्हे, तर छंद म्हणून, शिस्त म्हणून, मनाची एकाग्रता म्हणून हा खेळ जोपासणाऱ्या सामान्य हौशी नेमबाजाला.

कांबळवाडीसारखी गावे सह्याद्रीच्या कुशीत ठिकठिकाणी आहेत. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे तालुके तर अशाच गावांचे बनलेले आहेत. रायरेश्वर आणि रोहिडा भोरमध्ये, राजगड आणि तोरणा वेल्ह्यात. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, तो याच इतिहासाचे स्मरण ठेवून. भाताची खाचरे, डोंगरउताराच्या वाड्या, घरटी एखादा मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला आणि उरलेल्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांत सैन्य किंवा पोलीस भरतीचे स्वप्न, असे या भागाचे चित्र आहे. पहाटे नसरापूर किंवा कापूरहोळच्या रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी मुले पाहिली, की या मातीतले पाणी अजून आटलेले नाही याची खात्री पटते. मात्र याच मुलांपैकी कोणाला नेमबाजीची ओढ लागली, तर त्याच्यापुढे दोन डोंगर उभे राहतात. पहिला अंतराचा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडी येथे शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. तिथे २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. तिथली नेमबाजीची रेंज उत्तम आहे, पण भोरहून वा वेल्ह्याहून ती पन्नास-साठ किलोमीटरवर पडते. दुसरा डोंगर काडतुसाचा, आणि तो अधिक चढणीचा आहे.

हिशेब साधा आहे. थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने प्रत्येकी २० अशा ६० गोळ्या झाडाव्या लागतात. सरावाच्या प्रारंभी नळी आणि हात स्थिरावण्यासाठी झाडाव्या लागणाऱ्या गोळ्या वेगळ्या. स्पर्धेच्या दर्जाच्या एका काडतुसाला समजा ३० रुपये धरले, तर केवळ साठ गोळ्यांचे १,८०० रुपये होतात. आठवड्यातून तीनदा सराव करायचा म्हटला, तर महिन्याचा आकडा वीस हजारांच्या पुढे जातो. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाने, किंवा शाळामास्तराच्या पगारावर चालणाऱ्या घराने हा खर्च कसा पेलावा? आणि तीसचे चाळीस झाले, तर त्या घरातील मुलगा सरावाच्या गोळ्या कमी करतो, मग सरावाचे दिवस कमी करतो आणि एके दिवशी रेंजवर येणेच थांबवतो. त्याची नोंद कोणत्याही संघटनेच्या दप्तरात होत नाही.

ही टंचाई आणि ही महागाई येते कुठून, हेही समजून घेतले पाहिजे. पन्नास मीटरच्या खेळात .२२ या आकाराचे काडतूस वापरले जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपले खेळाडू जी काडतुसे वापरतात, ती प्रामुख्याने इंग्लंडमधील एली किंवा जर्मनीत तयार होणाऱ्या आरडब्ल्यूएस आणि लापुआ या नावांची असतात. जगात इतक्या उच्च दर्जाचे .२२ काडतूस बनविणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यामुळे कोठेही खुट्ट झाले, तरी हादरा सर्वत्र बसतो. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील एका शाळेत गोळीबाराची भीषण घटना घडली. शस्त्रांवर निर्बंध येतील या भीतीने तेथील नागरिकांनी काडतुसांचे साठे करण्यास प्रारंभ केला आणि .२२ काडतूस त्या देशातील दुकानांतूनच पुढे दीर्घकाळ दिसेनासे झाले. २०२० च्या महामारीत तेच पुन्हा घडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोपातील दारूगोळ्याचे कारखाने युद्धाच्या मागणीने भरून गेले. काडतुसातील दारू ज्या नायट्रोसेल्युलोजपासून बनते, त्याचाही तुटवडा जाणवू लागला. त्याच वर्षी डॉलरने ऐंशी रुपयांची मर्यादा ओलांडली. शिसे, पितळ, जहाजाचे भाडे, धोकादायक मालाच्या वाहतुकीचे नियम हे सारे त्या एका इवल्याशा काडतुसाच्या किमतीत उतरते. युद्ध युक्रेनमध्ये होते आणि सराव भोरच्या मुलाचा बंद पडतो, ही आजच्या जगाची रीत आहे.

शासनाने या प्रश्नाकडे पूर्णपणे दुर्लक्ष केले आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शस्त्र कायदा १९५९ चा आणि शस्त्र नियम २०१६ चे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या नियमांत सुधारणा करून क्रीडा नेमबाजांना मिळणाऱ्या काडतुसांची मर्यादा वाढविली; .२२ काडतुसांची १,००० ची मर्यादा ५,००० झाली, तर शॉटगनच्या काडतुसांची ५०० ची ५,००० झाली. राष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक गुण मिळविणाऱ्या नामांकित नेमबाजांना आयात करातही सवलत आहे. परंतु मर्यादा वाढली म्हणून साठा वाढत नाही. परवान्यावर पाच हजारांचा आकडा असून दुकानात पन्नास काडतुसेही नसतील, तर त्या आकड्याचे करायचे काय? शिवाय सवलतीची शिडी वरच्या पायरीपासून सुरू होते. नामांकित व्हावे तर गुण हवेत, गुण हवेत तर सराव हवा, सराव हवा तर काडतूस हवे आणि सवलतीचे काडतूस मिळते ते नामांकित झाल्यावर. या चक्रात खेड्यातला नवशिका बाहेरच राहतो.

यावर कोणी असे म्हणेल की, ज्या वाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याची पायपीट होते, तिथे काडतुसांच्या टंचाईची चर्चा म्हणजे श्रीमंतांचे चोचले. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. नेमबाजी हा खेळ श्रीमंतांचा झाला, तो त्याच्या स्वभावामुळे नव्हे, साधनांच्या किमतीमुळे. या खेळाला उंची लागत नाही, दांडगी शरीरयष्टी लागत नाही, जात वा घराणे लागत नाही. स्थिर श्वास, शांत मन आणि स्वतःच्या चुकीकडे निर्विकारपणे पाहण्याची तयारी एवढेच त्याचे भांडवल. हे भांडवल डोंगरातल्या मुलामुलींजवळ विपुल आहे. अंजली भागवत यांनी राष्ट्रीय छात्र सेनेतून रायफल हाती घेतली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद पटकावले. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाच्या मानकरी ठरल्या. स्वप्निलच्या प्रशिक्षिका दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या होत्या. महाराष्ट्राने या खेळात उभी केलेली ही परंपरा मोजक्या शहरांपुरतीच राहावी काय, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप शस्त्रासंबंधी आहे. मुलांच्या हाती बंदूक देणे समाजाला परवडेल काय, असे अनेक पालकांना वाटते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारा आणि रेंजवर उभा असणारा नेमबाज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. पहिल्याला २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा ठरविली, हे योग्यच झाले. दुसऱ्याला पहिल्या दिवशी शिकविले जाते ते हेच, की नळीचे तोंड कधीही कोणाकडे वळता कामा नये, आज्ञा होईपर्यंत बोट ट्रिगरला लागता कामा नये. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि त्याविरुद्ध लोकमान्यांच्या पिढीने आवाज उठविला. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला सैनिकी शाळा सुरू केली, तीही लष्करी शिस्तीचा संस्कार शालेय वयात व्हावा म्हणून. शस्त्राची भीती घालविण्याचा मार्ग शस्त्राची शिस्त हाच आहे, ही त्यामागची दृष्टी आजही तितकीच खरी आहे.

हौशी नेमबाजाचे या व्यवस्थेतील स्थानही नीट समजून घेतले पाहिजे. निवृत्त सैनिक, शिक्षक, डॉक्टर, छोटे व्यावसायिक अशी मंडळी रविवारी रेंजवर येतात, वर्गणी भरतात, क्लब चालवितात. नवख्या मुलाला पहिली रायफल हातात धरायला मिळते ती बहुधा याच मंडळींच्या क्लबात. काडतुसाचा भाव चढला, की सर्वांत आधी हीच मंडळी मागे सरतात. त्यांच्यामागे क्लबाची वर्गणी जाते आणि क्लबामागे ती मुले जातात. पदकाचा कळस दिसतो, पण त्याखालचा पाया हौशी माणसाच्या खिशावर उभा असतो. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाने होणारी स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी आहे. संसदेच्या सभापतीने या खेळाचे पालकत्व स्वीकारावे, यातच तो केवळ मूठभर तज्ज्ञांचा नसून नागरिकांचा खेळ आहे, हे अभिप्रेत होते.

मग टंचाईच्या काळात या नागरिकाने करावे काय? केवळ शासनाला बोल लावून हात बांधून बसणे हा मावळ्याचा स्वभाव नव्हे. ज्या राजगडावरून शिवछत्रपतींनी पाव शतक राज्यकारभार केला, त्या गडाच्या पद्मावती माचीवर आजही दारूकोठाराची वास्तू दिसते. अल्प साधनांत मोठी कामे करायची, म्हणून असलेले साधन वाया जाऊ द्यायचे नाही, ही त्या राज्याची रीत होती. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावरील दारू वस्तीपासून दूर ठेवावी, अधिकाऱ्याने ती नियमाने तपासावी, वेळोवेळी उन्हात घालून कोरडी करावी, अशा बारीक सूचना केल्या आहेत. शौर्याच्या गोष्टी सर्वांना पाठ असतात. दारू वाळत घालणाऱ्या त्या अनाम माणसाची आठवण मात्र कोणाला राहत नाही. वास्तविक गड लढतो तो त्याच्याही बळावर.

नेमबाजीत या काटकसरीचे पहिले साधन म्हणजे कोरडा सराव. रायफल रिकामी आहे याची दोनदा खातरजमा करून, भिंतीवरच्या लहानशा ठिपक्यावर नेम धरायचा, श्वास सोडत ट्रिगर दाबायचा आणि आवाज झाल्यानंतरही नेम ढळला नाही ना, हे पाहायचे. यात एक पैसाही जळत नाही. गोळी सुटली की धक्का आणि आवाज यांत हाताची चूक झाकली जाते. रिकाम्या रायफलीत ती उघडी पडते. म्हणूनच जगातील श्रेष्ठ नेमबाज काडतुसांची ददात नसतानाही कोरड्या सरावावर भर देतात. .२२ रायफलीच्या बाबतीत एक काळजी मात्र घेतली पाहिजे. रिकाम्या नळीवर ट्रिगर दाबल्यास काही रायफलींची सुई नळीच्या काठावर आपटून खराब होते. त्यासाठी वापरलेल्या काडतुसाचे कवच किंवा सरावाचे नकली काडतूस आत घालावे लागते. रोज वीस मिनिटे असा सराव आणि आठवड्यातून एकदाच प्रत्यक्ष गोळ्या, तेही प्रत्येक गोळीची वहीत नोंद करून, असा नियम ठेवला तर साठ गोळ्यांचे काम तीस गोळ्यांत बऱ्याच अंशी होऊ शकते. घाईने झाडलेल्या शंभर गोळ्या केवळ जुनी चूक पक्की करतात. विचारपूर्वक झाडलेल्या वीस गोळ्या ती सुधारतात.

दुसरे साधन एअर रायफल. दहा मीटरच्या या खेळात ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा वापरतात. त्यात दारू नसते, हवेच्या दाबाने तो सुटतो. २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या एअर रायफलीला शस्त्र परवान्याची आवश्यकता नाही. ओळखीचा पुरावा देऊन ती घेता येते. एका छर्ऱ्याला समजा दोन रुपये पडले, तरी साठ छर्ऱ्यांचा सराव १२० रुपयांत होतो. खर्चाचा हा फरक निर्णायक आहे. शिवाय शिक्षक म्हणूनही हे साधन कठोर आहे. .२२ ची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने जाते, तर छर्रा सुमारे पावणेदोनशे मीटरने. तो नळीत अधिक काळ असतो, म्हणून ट्रिगर दाबल्यावर हात जरा सैल पडला, तरी टार्गेटवर लगेच दिसते. एअर रायफलीच्या टार्गेटवरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. २००८ साली अभिनव बिंद्रा याने देशाला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले, ते याच प्रकारात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे जगज्जेता झाला, तोही याच प्रकारात. तेव्हा एअर रायफल ही गरिबाची तडजोड नसून स्वतंत्र राजमार्ग आहे, हे पालकांनी जाणून घ्यावे.

तिसरे साधन साठ्याची जपणूक. वेल्ह्यातला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला दमट हवा काय करते हे सांगण्याची गरज नाही. काडतुसे आणि छर्रे हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, मुलांच्या हाती न लागतील अशा कुलपात ठेवावीत. एकाच लॉटची काडतुसे एकसारखी चालतात. म्हणून हाती आलेला चांगला लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवावा आणि सरावाला साधे काडतूस वापरावे. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर हात धुतल्यावाचून डब्याला हात लावू नये. या लहान गोष्टी आहेत, पण टंचाईत लहान गोष्टीच तारतात.

काही पथ्येही कटाक्षाने पाळली पाहिजेत. मित्राच्या परवान्यावरची काडतुसे उसनी घेणे, पावतीशिवाय मिळणारा माल स्वीकारणे, घरच्या घरी दारू भरण्याचा प्रयोग करणे हे टंचाईत होणारे मोह आहेत. हे तिन्ही कायद्याने गुन्हे आहेत आणि .२२ चे काडतूस तर मुळात पुन्हा भरण्याजोगे नसतेच. भोर-वेल्ह्यासारख्या भागात रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी शेतकऱ्यांना परवाने दिले जातात. त्या परवान्याचा आणि खेळाच्या परवान्याचा हेतू वेगळा आहे, त्यांची सरमिसळ होता कामा नये. ज्या समाजाला शस्त्राचा अधिकार हवा, त्याने शस्त्राचा हिशेबही चोख ठेवला पाहिजे.

एवढे सारे करूनही एक गोष्ट उरतेच. दहा मीटरच्या बंद सभागृहात वारा नसतो. पन्नास मीटरवर तो असतो आणि तो वाचायला केवळ प्रत्यक्ष गोळी झाडूनच शिकता येते. कोरडा सराव आणि एअर रायफल नेमबाजाला दारापर्यंत आणून सोडतात. दार उघडायला काडतूसच लागते. म्हणून नागरिकांची काटकसर हे शासनाच्या निष्क्रियतेचे समर्थन होऊ शकत नाही. आणि इथेच एक विसंगती डोळ्यांत भरते. ज्या पुणे जिल्ह्यातला मुलगा परदेशी काडतुसाची वाट पाहत बसतो, त्याच जिल्ह्यात खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून आयुधनिर्माणी आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी दारूगोळा बनविणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालयच पुण्यात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूरला खासगी क्षेत्राचे मोठे दारूगोळा संकुलही सुरू झाले. हा देश रणगाड्याचा गोळा बनवितो, तोफेचा गोळा बनवितो; पण ऑलिंपिकच्या रेंजवर आपला खेळाडू उभा राहतो, तो विलायती काडतूस घेऊन.

स्पर्धेच्या दर्जाचे .२२ काडतूस बनविणे सोपे नाही, हे मान्यच आहे. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. त्यात गोळ्यामागून गोळी पडायची, तर प्रत्येक काडतुसातील दारू, शिशाचे वजन, गोळीवरचे मेणाचे लेपन यांत नावालाही फरक चालत नाही. परदेशी कारखान्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. मागणी लहान, नफा बेताचा, म्हणून आपल्याकडे याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नसावे. परंतु ज्या देशाने अवकाशयानाचे सुटे भाग स्वतः घडविले, त्याला हे अशक्य आहे काय? एकदम जागतिक दर्जा गाठता आला नाही, तरी सरावाच्या दर्जाचे भरवशाचे, स्वस्त आणि अखंड मिळणारे स्वदेशी काडतूस हे पहिले पाऊल नक्कीच टाकता येईल. विलायती काडतूस स्पर्धेच्या दिवसापुरते लागले आणि वर्षभराचा सराव स्वदेशीवर झाला, तर खर्चाचा डोंगर निम्मा उतरेल. युक्रेनमध्ये काय घडते, अमेरिकेत कोण साठेबाजी करतो, यावर मावळातील मुलाचे भवितव्य अवलंबून राहणार नाही. स्वदेशीचा अर्थ हाच आहे. आपल्या मुलाच्या साधनेची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असू नये.

त्याबरोबरच राज्य शासन आणि नेमबाजी संघटना यांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. एक, सवलतीची शिडी खालच्या पायरीपासून सुरू करावी. जिल्हा पातळीवर ठरावीक गुण मिळविणाऱ्या होतकरू मुलांना वर्षाला ठरावीक काडतुसे सवलतीत मिळावीत. दुसरी, आयात एकत्रित आणि वेळेवर व्हावी. स्पर्धा तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पुढील वर्षाची गरज आधी मोजून मागणी नोंदविणे अधिक शहाणपणाचे. धान्याच्या कोठाराबाबत जो विचार केला जातो, तोच काडतुसांच्या कोठाराबाबत का होऊ नये?

आणि शासनाची वाट न पाहता समाजालाही पुष्कळ करता येण्याजोगे आहे. भोर, नसरापूर, वेल्हे, विंझर, पानशेत अशा ठिकाणी माध्यमिक शाळा आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, निवृत्त सैनिक आहेत. दहा मीटर लांबीची एक खोली, मागे पोलादी पत्र्याची छर्रे अडविणारी पेटी, डोळ्यांना चष्मे, दोन एअर रायफली आणि शिस्तीचा एक जाणता माणूस एवढ्यावर केंद्र उभे राहते. मंडळाच्या एका वर्षीच्या ध्वनिवर्धकाच्या खर्चात वर्षभराचे छर्रे येतील. ज्याला या खोलीत गती दिसेल, त्याला बालेवाडीपर्यंत नेण्याची जबाबदारी गावाने वाटून घ्यावी. एका बापाला कर्ज काढावे लागू नये. वर्षातून एकदा राजगडाच्या पायथ्याशी तालुक्याच्या मुलामुलींची एअर रायफल स्पर्धा भरली, तर तालुक्याला दिलेले ते नाव केवळ सरकारी कागदावर राहणार नाही.

पदक मिळाल्यावर हार घेऊन धावणारे पुष्कळ असतात. पदकाच्या पंधरा वर्षे आधी, कोणी ओळखत नसताना, मुलाच्या हातात काडतुसांचा डबा ठेवणारा माणूस विरळा. कांबळवाडीत तो एक शिक्षक होता. भोर आणि वेल्ह्यात तो माणूस समाजाने व्हायचे आहे. नेम धरणारे हात या मातीत आजही आहेत. त्यांच्या हाती साधन देणे, ते साधन इथेच घडविणे आणि ते जपून वापरण्याची शिस्त लावणे ही आजच्या पिढीची जबाबदारी आहे.